दोघांत एक अँटेना

तुमच्या आजोबांचे एक मित्र होते आणि ते मला आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहीन त्यातून किती वजा करायचं ते तुम्हांला ठरवता येईल. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या बाबांनी एकदा पाहिलं होतं. सुट्टीवर आला असताना तो बाजारातून परतला, तर आमच्या साताऱ्याच्या घराच्या उंबऱ्यावर खाकी अर्धी चड्डी आणि पांढरी टोपी घातलेला एक वाळका माणूस बसलेला. आत येऊन त्याने मला विचारलं, "आई, नळ दुरुस्तीवाला आलाय का?" मी हो म्हटलं. आजोबांनी ते ऐकलं आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्यांना सगळे हवालदार म्हणत. फौजेत ते सिग्नलमध्ये होते. निवृत्त झाल्यावर सांगलीजवळ माधवनगरला, एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे दोन खोल्या घेऊन राहत. पुढच्या खोलीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देत, मागच्या खोलीत झोपत. बायको फार लवकर गेली होती. कोणी आदराने सुभेदार म्हटलं तर लगेच दुरुस्त करीत, "सुभेदार न्हाई, हवालदार. जेवढं हाय तेवढंच." मूळ गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, आणि घर मेंढपाळांचं. त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द येई, आणि माणसांशी बोलताना पुष्कळदा ते मेंढरांशी बोलल्यासारखे बोलत.

आजोबांचा आणि त्यांचा छंद एकच होता. रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणं. तुमच्याकडे दुकानात मिळतात ती ड्रोन नव्हेत. ही विमानं घरी बनवलेली, पंख मी दोन्ही हात पसरले तर होतील तेवढे. खाली उभ्या माणसाच्या गळ्यात जेवणाच्या डब्याएवढा एक संच, त्याला अंगठ्यांनी हलवायच्या दोन दांड्या, आणि वर घडी उलगडली की हातभर उंच होणारी अँटेना. दोघांकडे एकेक संच होता. दोन्ही जुने, एकाच माणसाकडून घेतलेले, आणि दोन्ही एकाच लहरीवर बोलणारे. म्हणजे दोन्ही एकदम चालू केले तर विमानाला दोन हुकूम एकदम ऐकू येतात आणि ते कुणाचंच ऐकत नाही. असं एकदा झालं. आजोबांचं विमान त्यांना सोडून हवालदारांचं ऐकायला लागलं आणि सरळ ज्वारीच्या रानात जाऊन पडलं.

यावर शहाण्या माणसाने एका संचाची लहर बदलून घेतली असती. आतली नखाएवढी एक चकती बदलायची, इतकंच काम. हवालदारांनी काय केलं, तर एका संचाची अँटेना काढली, ती आपल्या घरातल्या ट्रान्झिस्टरला बसवून टाकली, आणि जाहीर केलं की इथून पुढे दोघांत एकच अँटेना. ती ज्याच्या संचावर, त्याचं विमान वर. दुसऱ्याने बघत उभं राहायचं.

"येका कळपाला येकच शीळ," ते म्हणाले. "दोगं शीळ घालाय लागली की मेंढरं खड्ड्यात."

दुसरा नियम असा, की अँटेना नसताना संच कधीही चालू करायचा नाही. बाहेर जायला वाट नसली की आतली शक्ती आतच तापते आणि संच जळतो. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पण हे दोन नियम मला कवितेसारखे पाठ झाले, कारण माझ्या घरातले निम्मे रविवार या नियमांवर चालत होते.

ते कसं ते सांगते. पंधरवडाभर अँटेना साताऱ्यात आमच्याकडे, पंधरवडाभर माधवनगरला. पंधरवडा संपला की रविवारी दुसऱ्याने एसटीने यायचं, दोघांनी मिळून दिवसभर विमान उडवायचं, आणि संध्याकाळी अँटेना घेऊन परत जायचं. आमच्याकडे असे तेव्हा आजोबा रोज संध्याकाळी माळावर. तिकडे असे तेव्हा ते घरी, पण सासरी अडकून पडलेल्या सुनेसारखे. अँटेना वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. मला ते बघवेना, म्हणून मी माझ्या जुन्या इरकली चोळीच्या कापडाची तिला खोळ शिवून दिली. हवालदारांनी खोळीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वैनींनी लय पक्की टीप घातलीया. आता ही कुटं जात न्हाई." त्यांना ते कौतुकच वाटत होतं. मला वाटलं, आपण आपल्याच हाताने काय शिवून बसलो.

मला राग का येई, हे तुम्हांला कळायला हवं. आजोबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी धरणांवर. आज इथे, तीन वर्षांनी तिथे. तुमच्या बाबांची शाळा आणि माझी नोकरी म्हणून आम्ही साताऱ्यातच राहिलो. ते महिन्यातून दोनदा येत, दमलेले असत आणि झोपत. मी एकच गोष्ट मनात धरून होते, की निवृत्तीनंतरचे रविवार माझे. तुमची आजी कशी आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. मी रविवारचं एक वेळापत्रक लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. सकाळी टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत फिरणं, मग इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं दोघांनी मिळून, दुपारी एकेकदा तुमच्या दोन्ही मावशीआजींकडे. त्या कागदाप्रमाणे सलग दोन रविवार कधी गेले नाहीत.

आणि गंमत अशी, की त्या दोघांची भेट मीच घडवून आणली म्हणायची. माधवनगरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. आजोबांना यायचं नव्हतं, मी ओढून नेलं. पंगत बसायच्या वेळी ते कुठे दिसेनात. शोधत गेले तर गिरणीमागच्या मोकळ्या जागेत एका अर्ध्या चड्डीतल्या माणसाशेजारी मान वर करून उभे. दोघंही गप्प. वर एक लाल ठिपक्यांचं विमान घिरट्या घालत होतं. मी भरजरी साडीत तिथे जाऊन उभी राहिले आणि हवालदार माझ्याकडे न बघता पहिलं वाक्य बोलले ते हे: "वैनी, जरा मागं सरा. वाटंवर सावली पडतीया."

मी मागे सरले. पुढची दहा वर्षं मी मागेच होते असं मला वाटायचं.

ते लाल ठिपके म्हणजे गेरूचे. मेंढरं ओळखायला पाठीवर खूण करतात ना, तशी ते प्रत्येक विमानाच्या शेपटीवर गेरूची बोटं उमटवत. विमानाच्या पंखातल्या काड्या विकतच्या नसत. उसाला तुरा आला की त्याचे सरळ हलके दांडे ते गोळा करून आणत, सावलीत वाळवत, आणि त्यांचे पंख बांधत. उसाच्या गावात राहून तुऱ्याचा असा उपयोग करणारा मी दुसरा माणूस पाहिला नाही. ऊस लावणाऱ्यांना तुरा नको असतो, साखर उतरते म्हणून. हवालदार मात्र बांधावर उभं राहून शेतकऱ्याला विचारत, "तुरा कवा येतोय तुमचा?" आणि शिव्या खात.

विमान पडलं असं ते कधी म्हणत नसत. "बसलं" म्हणत. नाकावर आपटून त्याचे सात तुकडे झाले तरी बसलंच. उतरवताना त्याच्याशी हळू आवाजात बोलत, "बा, बा, बा," म्हणजे कानडीत ये, ये. आणि चाकं मातीला लागली की "साकु, साकु." पुरे, पुरे. चहा नेहमी उभ्याने, पेल्यातून. घरात येऊन खुर्चीवर कधी बसले नाहीत. उंबऱ्यावर बसत आणि चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवत. फोन केला की नाव सांगत नसत, नमस्कार नाही, काही नाही. "वारा हाय का?" एवढंच. मी उचलला आणि म्हटलं की मला माहीत नाही, तर म्हणत, "वैनी, दोरीवरचं कापाड बगा की." मी चरफडत गॅलरीत जाऊन दोरीवरचे टॉवेल बघून यायची आणि सांगायची. त्यांनी मला त्यांच्या कामाला लावलं होतं आणि मी ते करत होते.

आजोबा संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, काय बोललात दिवसभर? "काही नाही," ते म्हणत. मी विश्वास ठेवत नसे. आठ तास दोन माणसं काही न बोलता कशी राहतील? मग एकदा, कबूल करते, मी त्यांची डायरी उघडली. रविवारच्या पानावर लिहिलं होतं: "वारा पश्चिमेचा, मंद. पाच उड्डाणं. शेवटचं फार छान." आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या पानावर काही नव्हतं. मी डायरी जिथे होती तिथे, जशी होती तशी ठेवली. त्या दोघांमध्ये खरंच बोलणं होत नव्हतं, आणि हे कळल्यावर माझा राग वाढला. माझ्याशी ते बोलत, आणि मग उठून जात. तिथे बोलत नसत, आणि तिथून उठत नसत.

शेवटी मी ठरवलं की हा प्रश्न आहे तर त्याला उत्तर असलं पाहिजे. मी तुमच्या बाबांना परदेशातून एक नवी अँटेना आणि लहर बदलायची ती चकती मागवायला सांगितली. आजोबांच्या वाढदिवसाला दोन्ही वस्तू पेटीत घालून, वर कागद लावून दिल्या. आता प्रत्येकाला आपली अँटेना, प्रत्येकाची वेगळी लहर. दोन्ही विमानं एकदम उडवा, ज्याने त्याने आपापल्या गावात उडवा. एसटी नको, दगदग नको. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

आजोबा म्हणाले, "छान आहे," आणि पेटी बंद केली. त्या रविवारी हवालदार आले तेव्हा मीच ती पुन्हा उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अँटेना हातात घेतली, घडी उलगडली, पुन्हा मिटली. उंबऱ्यावरून माझ्याकडे बघितलं.

"चीज लय भारी हाय, वैनी," ते म्हणाले. "पर मग मी साताऱ्याला कशाला येऊ?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नाही. खरंच विचारलं. मला उत्तर येत होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. आजोबा आत पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले. जाताना हवालदारांनी ती नवी अँटेना माझ्या कुंडीतल्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून खोचली आणि वेल हळूच तिच्यावर चढवून दिला. तो घेवडा त्या वर्षी भरघोस आला. मी कोणालाच दिला नाही.

मग आजोबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी फक्त सही करताना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तुम्हांला ते माहीत आहे. मग कपबशी वाजायला लागली, मग शर्टाची बटणं माझ्याकडे आली. तरी ते विमान उडवत होते. एका रविवारी ते माळावरच्या बाभळीत बसलं आणि खाली काढताना उजवा पंख राहिला नाही. त्या दिवशी त्यांनी संच कपाटात ठेवला, वर एक टॉवेल घातला.

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, आत कुठेतरी असंही वाटलं की आता रविवार परत येतील. मी चांगली नर्स झाले. त्यांचा घास सांडायच्या आत मी हात धरायची. पेला उचलायच्या आधी मी उचलायची. हात थरथरला की मी माझा हात त्यावर ठेवायची आणि दाबून धरायची, थांबेपर्यंत. ते डोळे मिटून घेत.

हवालदार येत राहिले. ते आता महिन्यातून एकदा नाही, दर रविवारी येऊ लागले. उंबऱ्यावर बसायचे, आत आजोबा आरामखुर्चीत, दोघं दारातून आभाळ बघायचे. दोन महिने असे गेले. मग एका रविवारी मी देवळातून आले तर दोघंही घरात नाहीत आणि कपाटातला टॉवेल जमिनीवर. संध्याकाळी आजोबा रिक्षातून उतरले, बुटांवर धूळ, आणि कित्येक दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

"विमान उडवलंत?" मी विचारलं.

"हो."

"कोणी?"

"मी."

ज्याला चमचा धरता येत नाही तो माणूस विमान उडवत नाही. पुढच्या रविवारी ते गेल्यावर तासाभराने मी थर्मासमध्ये चहा भरला, रिक्षा केली आणि कोरेगाव रस्त्याच्या त्या माळावर गेले.

लांबून दिसलं ते असं. आजोबा घडीच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर त्यांचा संच, दोन्ही अंगठे दांड्यांवर. हवालदार त्यांच्या डाव्या खांद्याशी उभे, गळ्यात दुसरा संच, त्यावर अँटेना पूर्ण उलगडलेली. विमान वर. हवालदारांची मान सारखी खालीवर होत होती, कोंबडी पाणी पिते तशी. खाली आजोबांच्या हाताकडे, वर विमानाकडे, पुन्हा हाताकडे.

मी जवळ गेले आणि आजोबांच्या संचाकडे बघितलं. त्याला अँटेना नव्हती. त्याचा दिवा विझलेला होता. दहा वर्षं नियम ऐकलेल्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही. संच बंद होता. तुमचे आजोबा मांडीवर एक मेलेला डबा घेऊन त्याच्या दांड्या हलवत बसले होते.

"हवालदार," मी म्हटलं, "यांचा संच बंद आहे."

"व्हय, वैनी."

"आणि तुम्ही उडवताय. त्यांच्या हातात खेळणं देऊन. आजारी माणसाला असं फसवताना काही वाटत नाही तुम्हांला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना बघता येत नव्हतं, मान खालीवर चालूच होती. "आदी इमान उतरू द्या," ते म्हणाले. "मग काय मारायचं ते मारा."

विमान उतरायला पाचसात मिनिटं लागली असतील. मी थर्मास धरून उभी. त्या वेळात मला दिसू लागलं. आजोबांचा उजवा अंगठा थरथरत होता, दांडी टकटकत होती, पण त्या टकटकीच्या आतून तो एकीकडे जात होता. हळू, डावीकडे. हवालदारांचा अंगठा तेवढाच डावीकडे जाई, थरथर सोडून. आणि वर विमान डावीकडे वळे. आजोबांचा डावा अंगठा खाली आला, हवालदारांचा आला, विमानाचा आवाज उतरला. "बा, बा," हवालदार म्हणत होते, आणि मला कळेना की ते विमानाला म्हणतायत की त्या अंगठ्याला. चाकं लागली. "साकु."

मग आजोबा बोलले. आवाज शांत होता, धरणावरच्या ज्युनिअर इंजिनिअरला समजावताना असायचा तसा.

"बंद आहे हे मला माहीत आहे. अँटेना मीच काढून दिली त्यांना."

"मग तुम्ही काय करता इथे बसून?"

"मी उडवतो. थरथर तेवढी ते गाळून घेतात. बाकीचं माझंच जातं वर. तू माझा हात थांबवायला बघतेस. ते हात कुठं निघालाय ते बघतात."

मला काय वाटलं ते नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आधी लाज वाटली. पण ती थोडा वेळ. त्यानंतर जे आलं ते निव्वळ मत्सर. एवढी वर्षं लग्नाची. बटणं मी लावत होते, औषधाच्या गोळ्यांची डबी मी भरत होते, रात्री त्यांना कुशीवर मी वळवत होते. आणि त्यांचे हात त्यांना परत दिले या माणसाने, उंबऱ्यापलीकडे कधी न आलेल्या माणसाने, एक अँटेना काढून दुसरीकडे लावून. जे काम माझ्या डोळ्यांना जमायला हवं होतं ते त्याच्या डोळ्यांना जमलं होतं.

हवालदार आमच्याकडे पाठ करून पंखावरची धूळ पुसत होते. नसलेली धूळ. मग न वळताच म्हणाले, "वैनी, थर्मासात चहाच हाय नव्हं? का मारायला आणलाय?"

आजोबा हसले. कित्येक महिन्यांनी. तेही त्यांच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी आजोबांचा हात धरला नाही. माझे हात मी मांडीवर ठेवले आणि बघत बसले. चमचा टकटकत निघाला, भात सांडत. पण तो वरणाच्या वाटीकडे निघाला होता. मी वाटी बोटभर पुढे सरकवली. चमचा तिच्यात गेला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले नाहीत. पुढची तीन वर्षं आम्ही तसेच जेवलो. ताट, वाटी, पेला, काठी, चष्मा, जिकडे हात निघेल तिकडे मी वस्तू नेत गेले. चांगलं जमायला लागलं मला. हे मी कुणाकडून शिकले ते मी हवालदारांना कधीही सांगितलं नाही. त्यांना एवढंही द्यायची माझी तयारी नव्हती.

त्या तीन वर्षांत मीही दर रविवारी माळावर जात असे. थर्मास घेऊन, थोडी लांब, सावली पडणार नाही अशी. आजोबा खुर्चीत बसू शकत होते तोवर ते चाललं. मग ते पलंगावरच राहिले आणि मग गेले. ते सगळं तुमच्या बाबांनी तुम्हांला सांगितलेलं आहे.

त्यानंतर दीडेक महिन्याने, रविवारी सकाळी फोन वाजला. "वारा हाय का?" मी गॅलरीत जाऊन दोरीवरचे टॉवेल बघून आले. माझे टॉवेल, एकटीचे. आहे, म्हटलं. अकराच्या एसटीने ते आले. उंबऱ्यावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले (आजोबांना ते साहेबच म्हणत):

"वैनी, येकदा साहेबांचा हात उडवू का? अजून हाय माज्या अंगठ्यांत. लय दिस ऱ्हाणार न्हाई."

आम्ही माळावर गेलो. घडीची खुर्ची मी नेली होती, सवयीने. ती रिकामी ठेवून मी उभी राहिले. हवालदारांनी विमान सोडलं आणि या वेळी त्यांची मान खाली गेलीच नाही.

हवालदारांचं स्वतःचं उडवणं मी पुष्कळ पाहिलं होतं. ते घारीसारखं, एकदम वळणारं, एकदम खाली येणारं. हे तसं नव्हतं. हे विमान लांबलचक, मोठी वळणं घेत होतं, डोंगराच्या कडेने कालवा नेतात तशी. कुठे घाई नाही. उतरायची वेळ झाली तेव्हा ते जमिनीजवळ आलं, जागा बघितली, आणि न उतरता पुन्हा वर गेलं. एक चक्कर मारून मग उतरलं. घरी झोपण्यापूर्वी आजोबा कडी लावत, आणि लावल्यावर एकदा ओढून बघत. रोज. मी त्यावरून त्यांना चिडवायची. विमानातही ते तेच करतात हे तीन वर्षं माळावर उभं राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. हवालदारांच्या अंगठ्यांना ते माहीत होतं.

चाकं लागली. ते "साकु" म्हणाले नाहीत.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यांनी संचाचं बटण बंद केलं होतं. "न्हाई, वैनी."

"बॅटरी आहे ना?"

"बॅटरी हाय." ते अँटेनाची घडी मिटत होते, एकेक कांडं, सावकाश. "आता परत उडवलं तर माजा हात मिसळंल त्यात."

मी रागावले. रागाने परतीच्या वाटेत एक शब्द बोलले नाही, आणि तेही बोलले नाहीत, त्यांना तर सवयच होती. आता ते जतकडे पुतण्याकडे असतात. डोळ्यांना कमी दिसतं. मी वर्षातून एकदोनदा फोन करते, आणि दर वेळी विचारते. दर वेळी ते म्हणतात, न्हाई. मी त्यांच्या जागी असते तर उडवत राहिले असते. रोज उडवलं असतं, शेवटी त्यात आजोबांचं काहीच उरलं नसतं, आणि मला ते कळलंही नसतं. आजोबांचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि तिथे ते थांबले. बाकी सगळं मी त्यांना केव्हाच माफ केलं आहे. हे अजून नाही.